पट्टी सोडून बघायची नाही

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो चाकूच्या आवाजानं. दुसऱ्यांच्या घरी कोंबडं असेल, रेडिओ असेल, देवाची घंटा असेल. आमच्याकडे नाना ओट्यावर उकिडवे बसून धारेच्या दगडावर दोन थेंब पाणी टाकायचे आणि कलमाचा चाकू घासायचे. सर्र, सर्र, मग जरा थांबा, नखावर धार बघायची, पुन्हा सर्र. तोवर आईची चूल पेटलेली असायची आणि पाट्यावर खुरासणीची चटणी वाटली जात असायची. नानांना ती काळीकुळकुळीत चटणी रोज लागायची, भाकरीवर घेऊन वर कच्चं तेल. मला ती मुळीच आवडायची नाही. ‘खाऊन तरी बघ, माती नाय ती,’ असं ते रोज म्हणायचे आणि मी रोज नाक मुरडायची. आज माझ्या फ्रीजमध्ये त्या चटणीची बरणी कायम असते, आणि मी ती खाते, आवडत नाही तरी.

नाना म्हणजे माझे वडील. ते गुलाबाचे डोळे भरायचे. हे हल्ली लोकांना समजावून सांगावं लागतं. चांगल्या जातीचा गुलाब नुसती काडी खोचून नीट येत नाही. आधी गावठी गुलाबाचा खुंट वाढवायचा, त्याच्या सालीला उभा-आडवा काप द्यायचा आणि चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती नखभर जागा, सालीसकट अलगद सोडवून त्या कापात सरकवायचा. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. एकवीस दिवस तिला हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला की लागला. काळा पडला की गेला. मखमलाबादच्या शिवारात आमची पंधरा गुंठे जमीन होती, तिच्यात रोपं. बाकी नाना लुनावर बसून गंगापूर, म्हसरूळ, पार दिंडोरीपर्यंत लोकांच्या मळ्यांत डोळे भरायला जायचे. शंभर भरले तर नव्वद-पंचाण्णव लागायचे. त्यांच्या हातावर लोकांचा इतका भरवसा की ‘नाना, तुमच्याच हातचं पाहिजे,’ म्हणून माणसं महिना महिना थांबायची. आणि त्यांना अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. तीस वर्षांत एकदाही त्यांच्या हाताला चाकू लागला नव्हता. दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, ‘बघ, एक तरी वण हाय का?’ वण नसायचा. फक्त उजव्या अंगठ्यावर झाडाच्या चिकानं पडलेला काळा डाग होता, साबणानं न जाणारा.

मी त्यांची एकुलती एक. माझ्यानंतर दोन झाली, ती राहिली नाहीत, त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. त्यामुळे मुलगा असता तर जे शिकवलं असतं ते नानांनी मला शिकवलं. मी अकरा-बारा वर्षांची असताना त्यांनी चाळीस खुंटांची एक ओळ माझ्या हवाली केली. दुसऱ्या एका चाकूनं काप मी दिले, डोळे मी बसवले, पट्ट्या मी बांधल्या. नाना नुसते बांधावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘झकास. आता एकवीस दिवस इकडं फिरकायचं पण नाय.’

मी मुळात उतावळी. स्वयंपाकघरातही मी भात शिजेपर्यंत चार वेळा झाकण काढणारी. आठव्या दिवशी शाळेतून आले, घरात कुणी नव्हतं, आणि गेले ओळीपाशी. म्हटलं एकच बघू. पट्टी सोडली, डोळा हिरवागार. इतका आनंद झाला की दुसरा सोडला, तिसरा सोडला, असे करत चाळीसच्या चाळीस सोडून बघितले आणि होते तसे पुन्हा बांधून ठेवले. सगळे हिरवे होते. दोन आठवड्यांनी नानांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा सगळे काळे. आत वारं शिरलं होतं. नानांनी एक पट्टी हातात घेतली, गाठ पाहिली. त्यांची गाठ वेगळी, माझी पहिली गाठ वेगळी, आणि ही घाईतली तिसरीच. त्यांना कळलंच.

मारलं नाही, ओरडलेही नाहीत. ती रोपं एका बंगलेवाल्या गिऱ्हाइकाला शब्द देऊन ठेवलेली होती. तो माणूस आला, ओळ बघितली आणि हसून म्हणाला, ‘काय नाना, हात गेला वाटतं तुमचा.’ मी आईच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता नाना माझं नाव घेतील. नाना म्हणाले, ‘हो, गेला यंदा. माझीच चूक.’ तो गेल्यावर मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, ‘हिरवे होते ना गं? तुझा हात चांगला हाय सुरे. तुझं बघणं वाईट.’

नोकरीची उभी हयात मी पेशंटांना सांगत आले की बँडेज सारखं सारखं उघडून बघू नका, जखम आपोआप भरते. लोकांना वाटायचं सिस्टर फार खडूस आहे. आहेच मी खडूस. पण ते वाक्य माझं नव्हतं.

बारावीचा निकाल लागला तो काळ कॉलेजच्या व्हरांड्यात गर्दीत ढकलाढकली करून मार्कशीट घ्यायचा. मला बरे मार्क पडले, आणि पुण्याला नर्सिंगला नंबर लागेल असं दिसायला लागलं. आईनं शिरा केला, गल्लीत वाटला. नानांनी दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. उन्हाळ्यापासून त्यांचं खाणं तुटलं होतं. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला होता, आणि सारखे दंड आणि पोट खाजवायचे. ‘मळ्यात फवारणी चालू होती, तिची खाज हाय,’ म्हणायचे. आई कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं त्यांना अंघोळ घालायची. मी अर्ज, दाखले, फोटो यांच्यामागे शहरात फिरत होते. मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती, हे खरं. सवड होती, पण बघितलं नाही, हे जास्त खरं.

त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकासाठी थोडे डोळे भरायचे होते. नानांनी त्यांचा चाकू माझ्या हातात दिला. ‘काप तू दे. मी पट्ट्या बांधतो.’ त्यांनी तो चाकू कधी कुणाला दिला नव्हता. मला वाटलं, बारावी झाले म्हणून हा मान. छाती फुगवून काप देत बसले. नाना शेजारी बसून हळूहळू पट्टी गुंडाळत होते, आणि मध्येच थांबून मनगट धरून बसत होते. अर्धी ओळ झाल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली. नाना फार बोलणारे नव्हते, त्यामुळे त्यांनी हे आधी मनात चारदा घोळवलं असणार.

‘सुरे, पुण्याला गेलीस की दिवाळीपर्यंत यायचं नाय.’

‘मध्ये गणपती आहेत की. सगळ्या मुली येतात.’

‘सगळ्या येऊ दे. तू यायचं नाय. घर आठवंल, आठवू दे. रडू आलं तर तिथंच रड. आईनं पत्रात काय लिहिलं तरी यायचं नाय. एकदा आलीस की तुझा पाय निघायचा नाय, मला ठाऊक हाय. पट्टी सोडून बघायची नाय म्हणजे नाय.’

‘आणि दिवाळीला?’

‘दिवाळीला ये. तवर तू लागलेली असशील.’

मी चाकू खाली ठेवला. मला वाईट वाटलं होतं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो, ही माझी जन्माची खोड. मी म्हणाले, ‘एवढी जड झाले का मी तुम्हाला?’

नानांनी पट्टीची गाठ मारली. ओढून घट्ट केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हो. झालीस.’

मी चाकू उचलला आणि पुढची अर्धी ओळ भराभर काप देत संपवली.

ज्या दिवशी निघाले त्या दिवशी नाना स्टँडवर आले नाहीत. ‘मळ्यात काम हाय’ म्हणाले. आईच आली, पदर तोंडाला लावून. ट्रंकेत तिनं चिवड्याचा डबा, साबणाच्या दोन वड्या आणि माझ्या नकळत खुरासणीच्या चटणीची पुडी ठेवली होती. पुडी मी होस्टेलवर पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली. हे लिहिताना हात थांबतो, पण टाकली हे खरं आहे.

होस्टेल, वॉर्ड, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, फिनेलचा वास. त्याचं वर्णन करत बसत नाही. पहिला महिना मी रोज रडले आणि रोज नानांना मनातल्या मनात बोल लावले. त्यांची पत्रं यायची, निळ्या आंतर्देशीयावर, चार ओळींची. झाडं बरी आहेत. पाऊस बरा आहे. आई बरी आहे. मन लावून शिक. मी उत्तर त्याहून कोरडं लिहायची. गणपतीत होस्टेल निम्मं रिकामं झालं. माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, ‘चल की, नाशिकची गाडी किती वेळाची.’ मी म्हणाले, ‘आमच्या घरी मी जड झालेय. दिवाळीशिवाय प्रवेश नाही.’ ती हसली, मीही हसले. मनात म्हटलं, बसा आता वाट बघत. मी सांगितलेलं ऐकत होते ते आज्ञाधारकपणानं नाही, खुन्नस म्हणून. बापाचा शब्द त्याच्याच अंगावर फेकण्यासाठी पाळायचा, हा प्रकार फक्त अठराव्या वर्षीच सुचतो.

त्यानंतरचं पत्र आईच्या अक्षरात आलं. आई चौथी शिकलेली, तिची अक्षरं मोठी आणि ओळ चढत जाणारी. तिनं लिहिलं होतं: नानांच्या अंगठ्याला चाकू लागला म्हणून मी लिहिते. काळजी करू नको. झाडं बरी आहेत.

मी ते वाचलं, घडी घातली आणि उशीखाली सारलं. तीस वर्षांत ज्याला चाकू लागला नाही, ज्यानं तो चाकू मी जायच्या आधीच माझ्या हातात दिला होता, त्याच्या अंगठ्याला चाकू लागला असं लिहून आलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. रागावलेल्या माणसाला वाचताही येत नाही, दुसरं काय. आणखी दोन पत्रं तशीच आली. अंगठा अजून दुखतोय. झाडं बरी आहेत.

दसरा झाला. एका सकाळी आमच्या ट्यूटर सिस्टर आम्हा मुलींना घेऊन पुरुषांच्या वॉर्डात गेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक माणूस होता, कुठल्यातरी खेड्यातला, नानांच्याच वयाचा. सिस्टरनी त्याच्या पापण्या खाली ओढून डोळ्यांचा पिवळेपणा दाखवला. मग त्याच्या बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर नखांचे ओरखडे होते, जुने काळे, नवे लाल. सिस्टर म्हणाल्या, ‘पित्त रक्तात उतरलं की अशी खाज सुटते. खेड्यातले लोक कातडीचं औषध लावत बसतात. वजन उतरतं, अन्नावरची वासना जाते, आणि आपल्याकडे येतात तोवर उशीर झालेला असतो.’ तो माणूस आमच्याकडे बघून ओशाळं हसला आणि बाही खाली ओढायला लागला. मला आईच्या पातेल्यातल्या लिंबाच्या पाल्याचा वास आला, तिथं, फिनेलच्या वर.

मी तशीच सिस्टरांमागे गेले आणि रजा मागितली. ‘घरून पत्र आलंय का?’ त्यांनी विचारलं.

‘आलंय.’

‘काय लिहिलंय?’

‘झाडं बरी आहेत म्हणून.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

संगमनेरला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, मी बसून राहिले. डोक्यात दोन गोष्टी भांडत होत्या. एक म्हणत होती, माझं चुकलेलं असू दे, नाना ओट्यावर बसलेले असू देत, मला बघून चिडू देत, ‘सोडलीस ना शेवटी पट्टी’ म्हणू देत. दुसरी काही म्हणत नव्हती.

दुपारी पोचले. ओटा रिकामा होता. धारेचा दगड जागेवर होता, त्याच्यावर धूळ बसलेली. आई दारात येऊन उभी राहिली, मला बघून आधी तिचा चेहरा घाबरला आणि मग गळूनच पडला. खालच्या आवाजात म्हणाली, ‘त्यांनी शपथ घातली होती गं. तुझी शपथ. मी काय करू.’ नानांचं दुखणं निकालाच्या सुमारासच कळलं होतं. मी अर्जांमागे फिरत होते त्यातल्याच एका दिवशी दोघं मोठ्या दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता करण्यासारखं नाही, दिवाळी बघतील न बघतील. नाना बाहेर येऊन आईला म्हणाले होते, सुरीला कळलं तर ती जायची नाय. खाटेला टेकून बसंल, आणि मी गेल्यावर मळ्यात खुरपं घेऊन फिरंल.

तेव्हा मला दिवाळीचा हिशेब कळला. त्यांनी मला घरापासून लांब ठेवलं नव्हतं. स्वतःपासून ठेवलं होतं.

नाना आतल्या खोलीत खाटेवर होते. हळदीच्या गाठीसारखा रंग झाला होता. मी शेजारी बसले तरी त्यांना लगेच कळलं नाही. मग डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ओठ कोरडे होते, मी बोळा भिजवून लावला.

‘सुरे?’

‘हो नाना.’

त्यांच्या कपाळावर आठी पडली. कितीतरी जोर लावून त्यांनी विचारलं, ‘दिवाळी झाली?’

दिवाळीला अजून अडीच आठवडे होते. घराबाहेर लख्ख दुपार होती, कुठंतरी पंप चालू होता. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, वॉर्डात तर रोजच बोलावं लागतं. इतकं पटकन कधी बोलले नाही.

‘झाली नाना.’

आठी गेली. ‘मग बरं,’ म्हणाले.

आई दाराशी उभी होती. तिनं ऐकलं. ती फडताळापाशी गेली, मागच्या वर्षीच्या पणत्या काढल्या, पदरानं पुसल्या, तेल-वात घातली आणि भर दुपारी उंबऱ्यावर तीन पणत्या लावल्या. एक नानांना खाटेवरून दिसेल अशी खिडकीत ठेवली. रस्त्यानं शेजारच्या काकू चालल्या होत्या, त्या थबकल्या. ‘हे काय वो, आज?’

‘आमची आज हाय,’ आई म्हणाली.

काकू घरी जाऊन, चकल्या नाहीत तर नाहीत म्हणून, वाटीभर गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या आणि नानांच्या उशाशी ठेवून गेल्या. डब्याच्या तळाला थोडं जुनं उटणं होतं. ते मी कोमट पाण्यात कालवलं आणि नानांच्या हातांना लावलं. एकेक बोट घेऊन, सावकाश. उजवा अंगठा आला तेव्हा उलटसुलट करून बघितला. चिकाचा काळा डाग होता तिथंच होता. जखम नव्हती. कुठंही वण नव्हता. मी तो अंगठा कपाळाला लावून रडले, आवाज न करता, कारण दिवाळी होती.

चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. या चार दिवसांत ते फारसं बोलले नाहीत, पण माझा हात धरून असायचे. मध्ये एकदा मी विचारलं, ‘नाना, मी खरंच जड झाले होते का हो?’ त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला समजलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आज पन्नाशीच्या दाराशी बसून मी त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावते. कधी कधी ‘हो’ असाही लावते, आणि तेव्हा ते जास्त जवळचे वाटतात.

लोक मला विचारतात, त्यांनी सांगितलं तसं केलंस ते बरं झालं ना, शिकलीस, मोठी झालीस. झाले. पण गणपतीत मी गेले असते तर नाना ओट्यावर बसून बोलणारे मिळाले असते. लहानपणी पट्टी आठव्या दिवशी सोडली आणि चाळीस डोळे घालवले. मोठेपणी वेळेत सोडली नाही. नानांचं शहाणपण झाडांच्या बाबतीत पक्कं होतं, माणसांच्या बाबतीत मला अजून सांगता येत नाही. त्यांच्याशी यावर भांडायला मला फार आवडलं असतं.

खरी दिवाळी आली तेव्हा आमच्याकडे सुतक फिटलं होतं, पण वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली, ती झाकून तशीच ठेवलेली. संध्याकाळी गल्लीत दारोदार पणत्या लागल्या, पोरं फुलबाज्या पेटवत होती, आमचं एकच दार अंधारात. मला ते सोसेना. फडताळातून एक पणती काढली आणि आईला म्हणाले, ‘एकच लावू का गं? खिडकीत. नानांसाठी.’

आईनं माझ्या हातातून पणती घेतली, जागेवर ठेवून दिली.

‘आपली झाली ना,’ ती म्हणाली. ‘त्यांना सांगितलंय आपण तसं. आता दोनदा कशी करायची?’

मग तिनं माझी ट्रंक पुढं ओढली आणि धुतलेले कपडे घड्या करून आत ठेवायला लागली. सकाळी सातची गाडी होती.